नातू आणि नेतु : म्हापशाजवळच्या एका भिंतीच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

आजपासून भिंतीचं काम हाती घेतलं. तारीख मुद्दाम धरली. १७८६ साली याच दिवशी विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही. तिघी एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ आता कदाचित शिल्लकही नसेल.

आमच्या वाचनालयातली मागची भिंत कपाटं हलवल्यापासून रिकामी आहे. तिच्यावर चाळीस शब्दांच्या पाट्या लावायच्या. शब्द रोजच्या तोंडचे, गोव्यातल्या कुठल्याही घरात सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकू येणारे. प्रत्येक पाटीपासून दोरा निघणार. जो शब्द संस्कृत-प्राकृतातून पिढ्यानपिढ्या उतरत आला त्याला तांबडा, जो पोर्तुगिजांच्या जहाजातून आला त्याला निळा. आणि जिथे दोन्ही दोऱ्यांचं मूळ एकच निघेल तिथे ते वर एका खिळ्याला बांधायचे. मदतीला माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, दोघंही बी.ए.ला.

हे डोक्यात आलं ते जानेवारीत. शेजारच्या मावशींचं वय ऐंशीच्या पुढे. १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या, त्यामुळे घरात बोलताना मधेच पोर्तुगीज शब्द येतात. त्यांना लिस्बनहून फोन आला. फोन ठेवून कुंपणाशी आल्या आणि आईला म्हणाल्या, "म्हजो नेतु येता मे म्हयन्यांत." आई लगेच म्हणाली, "नातू येतोय? बरं झालं हो." आणि दोघी आंब्याच्या मोहरावर बोलायला लागल्या. आईला पोर्तुगीज येत नाही. तरी तिला एका अक्षराचंही अडलं नाही.

मी तिथेच उभी होते आणि अंगावर काटा आला. संस्कृतात नप्तृ, प्राकृतात नत्तु, मराठीत नातू. लॅटिनमध्ये नेपोस, नेप्तिस. त्या घराण्यातून पोर्तुगीज नेतु. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन भाऊ आमच्या कुंपणाशी समोरासमोर आले होते.

६ फेब्रुवारी

पाट्या करण्याआधी मुलांना एक गोष्ट पक्की सांगितली. दिसायला सारखे म्हणून शब्द नातेवाईक होत नाहीत. बदल नेमाने झालेला दाखवता आला तरच पाटी भिंतीवर जाईल.

नेम म्हणजे काय, ते फळ्यावर मांडलं. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. नप्तृ, नत्तु, नातू. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन दुसऱ्यात मिसळलं, मग जोड सुटला आणि सुटताना आधीच्या स्वराला लांबवून गेला. एकदा हे लक्षात आलं की मराठीतले शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

मग लॅटिनकडून पोर्तुगीजकडे. सेप्तेमचं सेत. इथेही प्त मधला प गेला, पण स्वर लांबला नाही. ओक्तोचं ओइतु. क्त असेल तिथे पोर्तुगिजात क वितळून इ होतो. लाक्तेमचं लेइत, म्हणजे दूध. नोक्तेमचं नोइत, म्हणजे रात्र. एकदा नव्हे, जिथे जिथे क्त तिथे तिथे. हा नोइत आणि आपला 'नक्तम्' एकाच मुळाचे. आपल्याकडे तो शब्द रोजच्या भाषेतून गेला, पण रात्री एकदाच जेवायच्या व्रताला अजून 'नक्त' म्हणतात. आईला ते माहीत होतं, मुलांना नव्हतं.

मुलगा म्हणाला, "बाई, मग सात आणि सेत एकमेकांकडून घेतलेले नाहीत?" नाहीत. सात आपल्याकडे पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधीपासून आहे. दोघांनी आपापल्या घरी तोच प गाळला.

१२ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार, कारण हा भाग गोव्याचा आहे आणि गोव्यातच कमी सांगितला जातो.

जोन्स यांच्या भाषणाच्या सुमारे दोनशे वर्षं आधी दोन माणसांनी हे साम्य पाहिलं होतं, आणि दोघांचाही शेवट गोव्यात झाला. पहिला फिलिप्पो सास्सेत्ती, फ्लॉरेन्सचा व्यापारी. मिऱ्याच्या व्यापारासाठी मलबारात आणि गोव्यात राहिला, १५८८ साली गोव्यातच वारला. १५८५च्या सुमारास घरी पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलं, की इथल्या विद्वानांच्या भाषेतले पुष्कळ शब्द आमच्या शब्दांसारखे आहेत. दाखले दिले ते सहा, सात, आठ, नऊ या आकड्यांचे, आणि देव नि सर्प या शब्दांचे. इटालियनमध्ये दिओ आणि सेर्पे.

दुसरा थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला तो कायमचा. आपण त्याला ओळखतो ते १६१६ साली रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणामुळे, ज्यात त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तकथा सांगितली आणि मराठी भाषेची तोंड भरून स्तुती केली. पण त्याच्या कितीतरी आधी, १५८३ साली, गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची वाक्यरचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं लिहून ठेवलं होतं. सास्सेत्तीने शब्द पाहिले, स्टीफन्सने घडण पाहिली. माझ्या मते स्टीफन्सची नजर अधिक खोल होती. शब्द उसने मिळतात, विभक्ती आणि क्रियापदाची रूपं सहसा कुणी उसनी घेत नाही.

दोघांचीही पत्रं विद्वानांच्या हाती फार उशिरा आली, स्टीफन्सचं तर विसाव्या शतकात. तोवर हे शास्त्र युरोपात उभं राहून गेलं होतं. भिंतीच्या मधोमध या दोघांची पाटी लावायची, जोन्स यांच्या पाटीच्या वर. हे मी ठरवलं आहे आणि त्यात बदल होणार नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी पोदेर आला. भोंगा वाजवला, सायकलवरच्या टोपलीचं निळं प्लास्टिक बाजूला केलं, आईने चार उंडे घेतले. त्याला विचारलं, पावाला पाव का म्हणतात? म्हणाला, पायांनी पीठ मळायचे म्हणून. ही कथा मी लहानपणापासून ऐकते आहे. वाचनालयातही दोघांनी तीच सांगितली.

ती खरी नाही. पाव हा पोर्तुगीज पांव, लॅटिन पानिस. तो भाजणारा पादेइरु, त्याचा आपण पोदेर केला. पानिसच्या मागे जे मूळ आहे त्याचा अर्थ राखणं, चारणं, पोसणं. संस्कृतातला 'पा' धातू तोच: पाति म्हणजे राखतो, गोपा म्हणजे गाई राखणारा. लॅटिनमध्ये त्यातूनच पास्तोर, गुराखी. म्हणजे पोदेराच्या टोपलीतला पाव आणि गोकुळातला गोप यांचा खिळा एक.

पण पायाची गोष्ट इथे संपत नाही. आपला पाय हा संस्कृत पाद. दोन स्वरांमधला द झिजून गेला. लॅटिन पेदेमचाही द तसाच झिजला आणि पोर्तुगीज पे राहिला. तेव्हा पाय आणि पे सख्खे आहेत. आणि पाव किलोतला पाव, म्हणजे चौथा हिस्सा, तोही पादच, कारण जनावराचे पाय चार. बाजारात जाऊन 'पाव किलो पाव' मागितला तर पहिला पाव पायाचा आणि दुसरा पोसणारा.

ख्रिश्चन घरांत वडिलांना पाय म्हणतात. हा तिसरा. पातेर, पाद्रे, पाय.

१९ फेब्रुवारी

पातेरवरून पुढे. मराठीत पाद्री आहे, आणि पितर आहेत. पितृपक्षात आम्ही ज्यांना पान वाढतो ते पितर आणि देवळासमोरच्या रस्त्याने स्कूटरवरून जाणारे पाद्री, शब्द म्हणून एकच. एक तांबडा दोरा, एक निळा.

संध्याकाळी मावशींना विचारलं, लहानपणी पाठ केलेली पोर्तुगीज प्रार्थना आठवते का? डोळे मिटून म्हणू लागल्या, "क्रेइउ एं देउश पाय..." मी पुढचं ऐकलंच नाही. पहिल्याच ओळीतले तीन शब्द! देउश म्हणजे देव. पाय म्हणजे पिता. आणि क्रेइउ हा लॅटिन क्रेदो, तो संस्कृत 'श्रद्धा'चा भाऊ. श्रत् आणि धा, धा म्हणजे ठेवणं. लॅटिनमध्ये हेच दोन तुकडे क्रे-दो असे चिकटले. मूळचा जो क होता तो आपल्याकडे श झाला, तिकडे क राहिला. दश आणि देकेम, शत आणि केंतुम, श्रद्धा आणि क्रेदो. हाच नेम, कुठेही हलत नाही.

मावशींना सांगितलं, "तुमची श्रद्धा, तुमचा देव आणि तुमचा पिता, तिन्ही आमच्याकडे त्याच शब्दांनी आहेत." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देव तर आमी कोंकणीतूय देवच म्हणटात. देव बरें करूं म्हणटात न्ही?" खरंच. ते मी पाटीवर घातलं.

२३ फेब्रुवारी

सहा पाट्या भिंतीवर जायच्या आधीच काढल्या.

देव आणि ग्रीक थेओस. अर्थ एक, कानालाही जवळचे, पण नातं नाही. संस्कृत द ला ग्रीकमध्ये द च हवा, थ नव्हे. देवाच्या घराण्यातला ग्रीक सदस्य आहे झेउस, जो आपल्या द्यौस् शी जुळतो.

लोक आणि लोकल. हे मी स्वतः शिकवणीच्या मुलांना बरीच वर्षं सांगत आले. लोकल आलं लॅटिन लोकुसवरून, आणि त्याचं जुनं रूप स्तलोकुस होतं. तो स्त मागे उभा असताना आपल्या 'लोक'शी जोड लागत नाही. आपल्या लोकचा लॅटिन भाऊ वेगळा, लूकुस, म्हणजे झाडीतली मोकळी जागा. ज्यांना चुकीचं शिकवलं त्यातली काही मुलं आज गावात आहेत. त्यांना निरोप पाठवला, भिंत बघायला या म्हणून.

उरलेल्या चार पाट्यांत सांगण्यासारखं काही नाही. नुसते आवाज जुळत होते.

१ मार्च

कालपासून वाद चालू आहे. वाचनालयाचे एक ज्येष्ठ सभासद, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "बाई, सगळं ठीक. पण वरचा खिळा रिकामा का? तिथे संस्कृत लिहा. संस्कृत आई, बाकी सगळ्या लेकी."

सरांचा संस्कृतचा व्यासंग माझ्याहून मोठा आहे, म्हणून उत्तर त्यांना पटेल असंच द्यायला हवं होतं. आज सकाळी ते दिलं, पाच आणि सिंकु या जोडीवरून.

ही जोडी कानाला अजिबात लागत नाही. तरी दोन्ही एकच शब्द. मूळ रूप, जे भाषाशास्त्रज्ञ तारा लावून लिहितात, *पेंक्वे असं काहीसं. त्यातला क्व म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला क. लॅटिनमध्ये पुढच्या क्वने मागच्या पलाही आपल्यासारखं केलं: क्वींक्वे. बोली लॅटिनमध्ये पहिला क्व साधा झाला, आणि त्यातून पोर्तुगीज सिंकु. आपल्याकडे प राहिला, पण क्वचा च झाला: पञ्च, पाच. चार आणि क्वात्रु यांचंही तेच. संस्कृतातला 'आणि' अर्थाचा च आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या शेपटीला लागणारा क्वे, तेही एक.

आता खरा मुद्दा. हा क्व संस्कृतात प्रत्येक वेळी च झाला नाही. 'कः', म्हणजे कोण, यात तो क राहिला. फरक कशाने? युरोपच्या भाषांकडे पाहिलं तर कळतं: जिथे पुढे ए होता तिथे च झाला, जिथे ओ होता तिथे क. पण संस्कृतात तर दोन्हीकडे अ आहे. म्हणजे संस्कृतातही आधी ए आणि ओ वेगळे होते. एच्या शेजाराने क चा च झाला, आणि त्यानंतर दोन्ही स्वर अ मध्ये मिसळले. च हे त्या गेलेल्या एचं उमटलेलं पाऊल आहे. १८७०च्या दशकात हे उलगडलं, आणि तेव्हापासून संस्कृतला आई मानता येत नाही. या बाबतीत लॅटिन-ग्रीकने जुनं जपलं, दुसऱ्या बाबतीत संस्कृतने. बहिणी आहेत.

सरांनी वही मागून घेतली. पञ्च, च, चत्वारः, चक्र असे शब्द एका बाजूला, कः, कतरः दुसऱ्या बाजूला लिहून पाहिले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "खिळा रिकामाच राहू दे." जाताना परत वळले आणि म्हणाले, "पण संस्कृतात तो पुरावा टिकला, हे पाटीवर लिहा." लिहिणार. अगदी न्याय्य आहे.

मुलीने विचारलं, याहूनही न दिसणारं नातं असतं का? असतं. आर्मेनियन भाषेत दोनला एर्कु म्हणतात, आणि तो आपल्या 'द्वौ'चा सख्खा भाऊ आहे. सुरुवातीच्या द्वचा तिथे एर्क होतो, आणि लांब या अर्थाच्या एर्कारमध्येही तसाच झाला आहे. एका शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

८ मार्च

ओल्ड गोव्याला जाऊन आलो. कारण कदेल.

खुर्चीला आमच्याकडे मराठी बोलणारेही सर्रास कदेल म्हणतात. पोर्तुगीज कादेइरा, त्यामागे लॅटिन काथेद्रा, त्यामागे ग्रीक काथेद्रा: काता म्हणजे खाली, हेद्रा म्हणजे बैठक. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा स जाऊन ह होतो, सप्तला जसं हेप्ता. म्हणजे हेद्रातला हेद् हा आपला सद्. सद् म्हणजे बसणं: सदन, संसद, सभासद, उपनिषद. गुरूजवळ बसून ऐकलेलं ते उपनिषद, आणि बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, आजोबा बसतात ते कदेल.

बिशपचं आसन जिथे ते कॅथेड्रल, तेही याच काथेद्रावरून. आणि ओल्ड गोव्याच्या त्या मोठ्या चर्चला 'से' म्हणतात. हा 'से' लॅटिन सेदेसचा, म्हणजे पुन्हा बैठक. से कॅथेड्रल या नावात सद् दोनदा बसला आहे. मुलांना त्या दगडी जमिनीवर उभं करून हे सांगितलं. मुलगा लगेच वर मधल्या लांब दालनाकडे बघत म्हणाला, "आणि याला काय म्हणतात?" नाव्ह. लॅटिन नाविस, जहाज. पोर्तुगीज ज्या गलबतांतून इथवर आले त्यांना ते नाउ म्हणत. आपली नौ, नौका, नाव. सास्सेत्ती हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला तेव्हा ज्यातून उतरला त्याचं नावही त्याच्या कानाला घरचंच वाटलं असणार.

१४ मार्च

दोन पाट्या झाल्या, थोडक्यात.

पगार : पोर्तुगिजात हे क्रियापद, पैसे चुकते करणं. लॅटिन पाकारे म्हणजे शांत करणं, तंटा मिटवणं; देणं दिलं की तंटा मिटतो. स्वरांमधला क पोर्तुगिजात ग होतो. पाकारेच्या मागे पाक्स, म्हणजे तह, बांधलेला करार. बांधणं हेच मूळ, आणि संस्कृतात त्याचा 'पाश'. क ला श, तोच नेम.

जनेल, म्हणजे खिडकी : लॅटिन यानुआ, म्हणजे दार, ये-जा करायची जागा. आपला 'या' धातू, यान, प्रयाण.

बटाटा, काजू, अननस यांना खिळा नाही. निळा दोरा आहे, पण तो थेट अमेरिकेला जातो. काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी भाषेतले. त्यांची पाटी वेगळ्या कोपऱ्यात. काजूच्या शेजारी मात्र फेणी आहे: ती फेनावरून, फेसावरून. लॅटिन स्पूमा, पोर्तुगीज इश्पूमा, इंग्रजी फोम, सगळे एका घरचे. काजू फेणी म्हणताना पहिला शब्द तुपी आणि दुसरा फेन. मे महिन्यापर्यंत भट्ट्या चालू आहेत, मुलांनी बाटलीवर चढणाऱ्या फेसाचा फोटो आणला, तो लावला.

२८ मार्च

छापून आलेल्या पाट्या हातात घेतल्या आणि मन खट्टू झालं.

'नांव', 'दांत', 'पांच' या तिन्ही पाट्यांवर मी मुद्दाम अनुस्वार दिला होता. पाट्या छापणाऱ्याने चूक समजून ते काढून टाकले. त्याचा हेतू चांगला होता. शाळेत शिकवलेल्या नियमाप्रमाणे त्याने शुद्ध केलं. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि मुंबई-पुण्याकडे ते खरंच उच्चारले जात नाहीत. पण माझी आई 'दांत' म्हणते. कोंकणीत तर लिहिताना आणि बोलताना तो अजून धडधाकट आहे. हा अनुस्वार म्हणजे दन्त मधला न आहे. पोर्तुगीज देंत मध्ये तोच न. पांच मधला अनुस्वार हा पञ्च मधला ञ, सिंकुमधला न.

आणि नांव. नाम मधला म झिजून व झाला, पण जाताना नाकातला आवाज मागे ठेवून गेला: नांव. पोर्तुगिजात नोम, म टिकला. होडीच्या नावेला मात्र अनुस्वार कधीच नव्हता, कारण नौमध्ये म नाहीच. जुनी पुस्तकं उघडून पाहा, माणसाचं नांव आणि पाण्यातली नाव वेगळी लिहिलेली सापडतील. आता दोन्ही एकसारखी, आणि पाटीवरचा माझा सगळा मुद्दा एका टिंबासोबत गेला.

पुन्हा छापायला पैसे नाहीत. संध्याकाळी आईने कुंकवाचा करंडा पुढे केला. पण पाटी गुळगुळीत, कुंकू राहीना. शेवटी तांबडा ऑइलपेंट आणि काडेपेटीची काडी घेऊन तीन टिंबं हाताने दिली. तांबडी टिंबं छापील काळ्या अक्षरांपेक्षा आधी डोळ्यांत भरतात. तसंच राहू देणार आहे.

१० एप्रिल

आसगाव इथून जवळ. सेबास्त्यांव रुदोल्फ दालगादो यांचा जन्म तिथला, १८५५चा. स्वतः धर्मगुरू. आशियातल्या भाषांत गेलेले पोर्तुगीज शब्द त्यांनी १९१३ साली एकत्र छापले, आणि आशियाई शब्दांचा पोर्तुगीज कोश १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत काढला. निळ्या दोऱ्याचं जवळजवळ सगळं काम त्यांच्या वाटेने चाललं आहे; तांबड्यासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश टेबलावर असतो. आज मुलांना आसगावला घेऊन गेले. गावात विचारलं तर नाव ऐकलेली माणसं भेटली, काम माहीत असलेली नाही. दालगादो यांची पाटी सास्सेत्ती-स्टीफन्स यांच्या बाजूला लावली.

३ मे

चाळीसपैकी सदतीस पाट्या लागल्या. एका खिळ्याला बांधलेल्या जोड्या चौदा. दोरे ताणले तर पाट्या तिरक्या होतात, सैल ठेवले तर पंख्याने गुंततात. मुलाने मधे मधे पितळी कड्या बसवल्या, आता बरं आहे.

२१ मे

मावशींचा नातू आला. आज तिघं मिळून भिंत बघायला आले: मावशी, तो, आणि माझी आई. मुलाला देवनागरी येत नाही, म्हणून मावशी एकेक पाटी मोठ्याने वाचत होत्या. पहिल्याच पाटीपाशी थांबल्या.

"हें चुकलां," म्हणाल्या. "नेतु न्हय. नॅतु."

मी नातवाला म्हणायला सांगितलं. त्यानेही तोंड उघडं ठेवून म्हटलं: नॅतु. मग मी एकेक शब्द विचारत गेले आणि मुलगी लिहून घेत गेली. सात? सॅत. पाय? पॅ. दहा? दॅश. चारही ठिकाणी उघडा ॲ, आणि चारही ठिकाणी मी ए लिहिला होता. मग महिना विचारला. मावशी म्हणाल्या, मेश. इथे मिटलेला ए.

घरी येऊन लॅटिन रूपं पाहिली. नेपोस, सेप्तेम, पेदेम, देकेम: चौघांतला ए ऱ्हस्व. महिन्याचा मेन्सिस, आपल्या 'मास'चा भाऊ: त्यातला ए दीर्घ. लॅटिन ऱ्हस्व ए पोर्तुगिजात उघडतो, दीर्घ ए मिटलेला राहतो. ते ऱ्हस्वदीर्घ मावशींच्या तोंडात जसंच्या तसं होतं, आणि मी तीन महिने त्यांच्याशी बोलत असून ऐकलं नव्हतं.

चार पाट्या उद्या उतरवायच्या. मात्रा खरवडून वर अर्धचंद्र द्यायचा, तांबड्याच रंगात. 'मेश' आहे तसाच ठेवायचा आणि त्याच्याखाली 'मास' साठी तांबडा दोरा ओढायचा. तिसाव्या पाटीच्या वर अजून एक खिळा लागेल.